ध्रुवाकडचे बांध

नावड्यात कुणालाही विचारा, नंदिनी घरत कुठं कामाला आहे? उत्तर ठरलेलं: "बर्फाच्या कंपनीत." शेजारी तळोज्यात एवढे कारखाने, त्यात एखादा बर्फाचाही असणारच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही. मागच्या लगीनसराईत तर एका काकूंनी तिला गल्लीत गाठलं. "बाय, हलदीला बर्फाच्या चार लाद्या मिलतील का गो?" नंदिनीनं समजावलं की काकू, मी बर्फ बनवत नाही, बर्फाचे नकाशे काढते. काकूंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं बरं, मग दोन तरी बग." आता अशा माणसाशी काय बोलायचं!

तर काम असं. ऐरोलीला काचेच्या इमारतींची रांग आहे, त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर नंदिनी बसते. परदेशातली एक संशोधन संस्था पृथ्वीच्या उत्तर टोकाकडची रडार चित्रं पाठवते. उपग्रहानं काढलेली. त्यांच्यावर डोंगर कुठं, बर्फाची नदी कुठं, तिनं ढकलत आणलेले दगडगोट्यांचे ढिगारे कुठं, किनारा कुठं, हे एकेक रेघ ओढून दाखवायचं आणि प्रत्येक रेघेला ती काय आहे ते नाव द्यायचं. मान मोडून येते, डोळे चुरचुरतात, आणि घरचं म्हणाल तर तळोज्यात फोरमन असलेला नवरा अजून चिडवतो, "जगाचा नकाशा काढतेस, आणि घरात मीठ संपलंय ते दिसत नाही." पण ही बाई त्या कामावरून उठायला तयार नसते.

त्याला कारण आहे. पनवेलच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झाल्यापासून तिनं परदेशातल्या शहरांचे रस्ते काढले, गल्ल्या काढल्या, पार्किंगच्या जागासुद्धा काढल्या. मग काही वर्षं दक्षिणेकडच्या नद्यांच्या मुखाशी असलेले मातीचे बंधारे. चाळिशीला टेकली तेव्हा तिला या ध्रुवाच्या कामावर टाकलं. पहिल्याच दिवशी टीम लीडर ऋतानं, म्हणजे तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान, भूशास्त्र शिकलेल्या, तोंडानं फटकळ पण मनानं चांगल्या मुलीनं तिच्यासमोर एक चित्र उघडलं. काळं, करडं, पांढरं. डोंगराची कड अन् कड दिसत होती.

"ताई, हे कधी काढलंय सांगा."

"दुपारी?"

"तिथं तेव्हा दोन महिने सूर्यच उगवला नव्हता."

नंदिनीनं खुर्ची पुढं ओढली. ऋतानं सांगितलं, की हा फोटो नाही. उपग्रह वरून अंधारात हाक मारतो आणि जमीन ओ देते, ती तो ऐकतो. खडबडीत जमीन मोठ्यानं ओ देते, ती पांढरी उमटते. शांत पाणी ती हाक भलतीकडेच घालवून देतं, परत काहीच येत नाही, म्हणून ते काळं. ढग असू दे, काळोख असू दे, त्याला काही फरक पडत नाही. कोरडा भुसभुशीत बर्फ असला तर हाक त्याच्यातूनही आत जाते आणि खाली झाकलेला दगड ओ देतो.

"म्हणजे जे तिथं उभ्या माणसालाही दिसणार नाही, ते आपल्याला इथं ऐरोलीत दिसतं?"

"अगदी तेच."

नंदिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस देवळात गेला की आपोआप आवाज खाली येतो ना, तसा त्या दिवसापासून त्या स्क्रीनसमोर बसताना तिचा आवाज खाली आला. ऑफिसातली पोरं तिला हसायची. हसू देत. ज्याला नवल वाटत नाही त्यानं नकाशे काढूच नयेत, रिक्षा चालवावी. पण तिथंही रस्ते बघावेच लागतात म्हणा.

आता तिच्या बापाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच येऊन अडकते.

नंदिनीचं सासर आणि माहेर दोन्ही नावड्यातच, मध्ये दोन गल्ल्या. बाप कोंडिबा ठाकूर, ऐंशीच्या घरातला, जातीचा आगरी आणि स्वभावानं वादळ. त्याचं सगळं आयुष्य गेलं खाडीच्या बांधावर. खाडीकाठची भातशेती म्हणजे काय, तर समुद्राच्या हातातून हिसकावलेली जमीन. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचा लांबच लांब बांध, आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्यात लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. बांध एकट्याचा नसतो. ज्यांची ज्यांची शेतं त्याच्याआड, त्या सगळ्यांची मिळून जोळ असते, आणि बांधाला काही झालं की घरटी एक माणूस चिखलात उतरलाच पाहिजे. कोंडिबा त्या जोळीचा पुढारी. उधाणाच्या भरतीला हा माणूस कधी घरात जेवला नाही, असं मालतीबाई, त्याची बायको, अजून रागानं सांगते.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. शेतं गेली, पैसे आले, भराव पडला. ट्रकांमागून ट्रक माती आली आणि बांध तिच्याखाली गडप झाला. कुणी तोडला नाही, फोडला नाही, नुसता झाकला. आता तिथं उंच इमारती आहेत आणि त्यांच्या खाली कुठंतरी कोंडिबाचा बांध आहे. भराव पडला तसा म्हातारा घरात बसला तो बसलाच. आधी चहाच्या टपरीवर जाणं बंद केलं, मग बोलणं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मालतीबाई म्हणाली, "आजार नाय तर ताट परत का येतं?" नंदिनी रोज संध्याकाळी ऑफिसची बस सोडली की आधी माहेरी डोकवायची आणि बापाच्या पायाशी बसून राहायची. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि कुणाच्या हातात काही नव्हतं.

आणि मग ते चित्र आलं.

ध्रुवाकडच्या एका बेटाचा किनारा, उन्हाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा. नंदिनीनं तो मोठा करून पाहिला आणि तिचा हात माऊसवरच थांबला. किनाऱ्याला समांतर एक पांढरी रेघ. तिच्याआड पाण्याची काळी पट्टी. मग पुन्हा रेघ, पुन्हा पाणी. पुन्हा रेघ. एकामागे एक, वाकणाला वाकण जुळवत, आत आत जमिनीकडं गेलेल्या, मोजता मोजता चुकावं इतक्या. बांध! दुसरं काय? कोरडा उंच बांध पांढरा, त्याच्याआड साचलेलं पाणी काळं. तिनं नदीमुखांच्या नकाशांवर वर्षानुवर्षं हेच काढलं होतं, आणि त्याच्या आधी बापाच्या खांद्यावर बसून हेच पाहिलं होतं. तिला क्षणभरही शंका आली नाही. भराभर रेघा ओढल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं: मानवनिर्मित, बंधारा.

ही चित्रं जगाला खुली असतात, कुणीही बघावीत. त्या संध्याकाळी तिनं लॅपटॉप घेऊन तडक माहेर गाठलं.

"बाबा, हे बघा जरा. जगाच्या टोकाला पण जोळ आहे."

कोंडिबानं आधी पाठच केली. मग एक डोळा उघडला. मग उठून बसला, चष्मा मागितला, आणि स्क्रीनला नाक लावलं.

"ह्यो भायेरचा बांद," तो बोट टेकवून म्हणाला. "ह्यो त्याच्या आतला. हा जुना. हा त्याच्याहून जुना." महिन्याभरात त्याच्या तोंडून एवढे शब्द आले नव्हते. दारात उभ्या मालतीबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. "आयला, काय मानसं असतील ही! एक फुटला तर दुसरा, दुसरा फुटला तर तिसरा! किती पिढ्या खपल्या असतील, बाय! पन यांची उघाडी कुटं हाय?"

"दिसत नाही खरी."

"उघाडी नाय? मंग आतलं पानी कसं काढतात?" तो विचारात पडला आणि मग स्वतःच सोडवलं त्यानं. "थंडीत गोटत असंल. गोटलं की तोडून न्यायचं. हुशार हायेत."

त्या रात्री म्हातारा पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून चहाच्या टपरीवर हजर! तिथं रोज दिनानाथ मास्तर बसतात. देशावरचे, रिटायर होऊन कॉलनीत मुलाच्या फ्लॅटवर आलेले, कोंडिबाचे जानी दोस्त आणि जानी दुश्मन. कोंडिबानं बातमी सांगितली तसे मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे कोंडिबा, ध्रुवाजवळ शेती? काय पिकवतात, बर्फाचा गोळा?" झालं! जुंपली. आठवडाभर टपरीवर दुसरा विषय नव्हता. कोंडिबा तावातावानं सांगायचा, माझी पोर नकाशा बनवते, तिनं सोताच्या डोल्यांनी बगितलंय. कुणी कॉलनीतला नवखा दिसला तर त्यालाही थांबवून बांधाचं गणित सांगायचा. शेवटी मास्तरांना त्यानं जाहीर आवतण दिलं: रविवारी घरी या, चित्र बगा, आणि मग तोंड उगडा. मालतीबाई म्हणाली, "पोरी, तुझा बाप परत दिला गो तू मना."

शुक्रवारी ऋतानं तिला खुर्ची ओढायला सांगितली.

"ताई, हे काय केलंयत?"

"बंधारे आहेत ना."

"कुणी घातले?"

"लोकांनी."

"कुठले लोक? तिथं कुणी राहत नाही, ताई. जवळचं गाव समुद्र ओलांडून पलीकडं आहे." ऋतानं उंचीचा आलेख उघडला. "आणि हे बघा. सगळ्यात वरची रेघ समुद्रापासून किती आत आहे, आणि किती उंचावर. पंचवीस-तीस मजली टॉवरच्या गच्चीवर कुणी भरतीसाठी बांध घालतं का?"

नंदिनीचे कान तापले. एवढं साधं सुचू नये? खाडीच्या माणसाला काळ्या पाण्याशेजारी पांढरी रेघ दिसली की बांधच दिसणार, पण नकाशा काढणाऱ्यानं असं करून कसं चालेल! ती सॉरी म्हणणार तेवढ्यात ऋता खुर्ची सरकवून तिच्या शेजारी आली.

"चूक सुधारू आपण, शीट अजून संस्थेकडं गेलेली नाही. पण हे काय आहे ते ऐका तरी."

आणि तिनं सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी त्या बेटावर बर्फ होता, दोन-तीन किलोमीटर जाडीचा. त्याच्या भारानं जमीन खाली दबली होती, कुणी गादीवर बसलं की गादी दबते तशी. मग बर्फ वितळला. भार उतरला. आणि जमीन हळूहळू वर यायला लागली. वादळ आलं की समुद्र काठावर दगडगोटे फेकायचा, त्यांची ओळ व्हायची. जमीन आणखी वर उचलली जायची, ती ओळ समुद्राच्या आवाक्याबाहेर जायची, आणि पुढच्या मोठ्या वादळात समुद्र खाली नवी ओळ रचायचा. प्रत्येक रेघ म्हणजे एकेकाळचा काठ. सगळ्यात वरची सगळ्यात जुनी.

"आणि अजून येतेय वर. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा. वर्षाला किती, तर आपलं नख दोन-तीन महिन्यांत वाढतं तेवढी."

 नंदिनीला वाटलं, पायाखालची फरशी हलतेय. जमीन उठते? आपोआप? तिनं त्या रेघांवरून नजर फिरवली, वरून खाली, खालून वर. दहा हजार वर्षं एका चित्रात, आणि ती त्यांना बंधारा म्हणून मोकळी झाली होती. डोळ्यांत पाणी आलं ते चुकीच्या शरमेनं की नवलानं, तिचं तिलाच कळेना. तिनं एकेका रेघेचं नाव बदललं. नैसर्गिक. जुनी किनाररेषा. प्रत्येक वेळी हात थोडा थांबत होता.

आणि तेव्हा तिला बाप आठवला. रविवार दोन दिवसांवर!

परतीच्या बसमध्ये तिनं सगळ्या पळवाटा शोधल्या. सांगायचंच कशाला? म्हाताऱ्याला कोण जाऊन सांगणार? मास्तर येतील, चित्र बघतील, रेघा तर आहेतच, त्यांना तरी कुठलं रडार कळतंय? राहू दे की त्याचं सुख त्याला. एका बांधाबरोबर हा माणूस एकदा गाडला गेला होता. आता हाही बांध गेला तर पुन्हा उठणार नाही. सांगितलं आणि तो परत भिंतीकडं वळला, तर आईला काय तोंड दाखवायचं? घणसोली गेली, कोपरखैरणे गेलं, तिचं ठरलं: गप्प बसायचं.

कळंबोलीच्या सिग्नलला ते ठरलेलं मोडलं. जोळीचा एक कायदा होता, बापानंच सांगितलेला. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून वाट झाली, तर ज्याला आधी दिसेल त्यानं तिथंच ओरडायचं. खांड कुणामुळं पडली ते नंतर. चूक माफ व्हायची, पैसे बुडवलेले माफ व्हायचे, पण खांड बघून गुपचूप घरी गेलेल्याला जोळीत जागा नव्हती. कारण लपवलेली खांड लहान राहत नाही, पुढच्या भरतीला शेतच नेते. रविवारी मास्तरांनी एखाद्या शिकलेल्या नातवाला विचारलं, आणि चार लोकांत कोंडिबा खोटा पडला, तर?

ती माहेरी पोचली तेव्हा कोंडिबा ओटीवर बसून खुर्च्या कुठं मांडायच्या ते मालतीबाईला सांगत होता.

"बाबा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "खांड पडलीय."

म्हाताऱ्याची मान झटक्यात वळली. "कुटं?"

"माझ्या नकाशात. ते बांध नाहीत, बाबा. मी चुकले. तिथं माणसंच राहत नाहीत. ते कुणी घातलेले नाहीत."

मालतीबाई मटकन खाली बसली आणि लेकीकडं अशी बघत राहिली, की नंदिनीला पळून जावंसं वाटलं. कोंडिबाचा चेहरा दगड झाला. बाहेरून एक टेम्पो गेला, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नंदिनी बोलत सुटली. बर्फ, भार, दबलेली जमीन, वादळ, गोटे, सगळं एका दमात, घाबरलेल्या पोरीसारखं. बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती.

"म्हंजे," कोंडिबा म्हणाला, "दर्यानंच बांद घातले?"

"हो."

"सोताला?"

"हो, बाबा."

म्हाताऱ्याच्या घशातून विचित्र आवाज आला. नंदिनीला वाटलं, रडतोय. तो हसत होता. खांदे गदगदा हलत होते. "आयला, ऐकलंस का गो मालते? आमी जल्मभर दर्याच्या नावानं शिव्या घातल्या, आनि त्यो तितं सोता माती वाहतोय! जोलीत घ्यायला पायजे होता त्याला!" मालतीबाईला कळेना हसावं की रडावं, तिनं दोन्ही केलं.

मग त्यानं लॅपटॉप उघडायला लावला. चष्मा पुसला. वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "तवा दर्या इतं." बोट खालच्या रेघेवर आलं. "मंग इतं." तो एकेक ओळ उतरत गेला, आणि जसजसा उतरत गेला तसतसा त्याचा आवाज बसत गेला. जन्मभर त्याला एकच गोष्ट ठाऊक होती. जमीन खचते, पाणी चढतं, आणि माणसानं दरवर्षी चिखल टाकला नाही तर सगळं जातं. त्याच्या बापाला तेच ठाऊक होतं, त्याच्याही बापाला. आणि इथं एक आख्खं बेट पाण्यातून उठत होतं, एका माणसाचा हात न लागता. तो हात जोडायचाच राहिला होता. मग त्यानं जोडलेच, चक्क स्क्रीनसमोर.

"आनि अजून उटते?"

"अजून उठतेय."

बोट सगळ्यात खालच्या रेघेवर येऊन थांबलं. त्याच्याखाली नुसतं काळं होतं.

"म्हंजे पुडला बांद अजून पान्यात हाय."

नंदिनीनं हा विचार केलाच नव्हता. ऋतानंही सांगितलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "तो यायचाय अजून."

"दाखव."

"पाण्याखालचं नाही दिसत, बाबा. हाक परत येत नाही."

"नसंल दिसत. पन हाय ना?"

"हाय, बाबा."

तो त्या काळ्या जागेकडं बघत राहिला, आणि नंदिनी त्याच्याकडं. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"रविवारपत्तूर कशाला थांबू? मास्तर आता टपरीवर असंल," कोंडिबा म्हणाला. "त्याला सांगून येतो, तू बरोबर व्हतास. आनि आता खरं काय ते बसून आयक म्हनावं."